सहा रंगांतली आई

माझ्या नवऱ्याला घरातलं सगळं दिसतं, फक्त ते चित्रात असावं लागतं. खऱ्या घरात त्याला दूध उतू जाताना दिसत नाही, पलंगावर पडलेला ओला टॉवेल दिसत नाही आणि दारामागे तीन दिवस उभी असलेली कचऱ्याची पिवळी पिशवी मी बोट दाखवल्यावरही दिसत नाही. हाच माणूस नोकरीवर गॅसच्या ज्वाला मोजतो. जर्मनीत कार्ल्सरूहेच्या एका संस्थेत बसून तो ज्वाला सेकंदाच्या हजाराव्या भागात किती हलली ते सांगतो. आमच्या गॅसवरची ज्वाला त्याच्या लेखी नसतेच.

त्याचं नाव धम्मपाल. औरंगाबादला इंजिनिअर झाला, पुढे शिकायला इकडे आला आणि इकडचाच झाला. लग्नानंतर मी आले, मला इथे एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायची नोकरी लागली, मग उत्कर्षा झाली. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढायचा मला पगार मिळतो. घरी हेच काम मी फुकट करते.

चित्रांचं खूळ शिरलं ते २००४ च्या हिवाळ्यात. शहरातल्या कलादालनात शंभर वर्षांपूर्वीच्या फ्रेंच रंगीत छापचित्रांचं प्रदर्शन आलं होतं. बाहेर चिखल आणि बर्फ, म्हणून आम्ही आत गेलो. सगळी घरातली चित्रं होती. दिव्याखाली शिवत बसलेली बाई, पत्र्याच्या टबात मुलाला अंघोळ घालणारी आई, चौकटीचा टेबलक्लॉथ आणि त्यावर अर्धवट न्याहारी. एका चित्रात तर भिंतीच्या कागदावर आणि बाईच्या झग्यावर एकाच जातीची फुलं होती, त्यामुळे बाई कुठे संपते आणि भिंत कुठे सुरू होते तेच कळेना. मला ते लगेच पटलं. दिवसभर घरात राबणारी बाई थोड्या दिवसांनी भिंतच होते.

धम्मपाल अंघोळीच्या चित्रासमोर उभा राहिला तो चाळीस मिनिटं. तेवढ्यात चार वर्षांच्या उत्कर्षाला शू लागली, तिचे बूट, मोजे, जाड विजार, आतली विजार असा सगळा संसार उतरवून मी परत चढवला आणि बाहेर आले, तरी हा तिथेच.

"बघ रोहिणी," तो म्हणाला, "या चित्रात काहीच घडत नाही. नुसतं घर आहे."

"काहीच कसं घडत नाही? ते पाणी कुणीतरी तापवलंय ना?"

"गेनाऊ! अगदी बरोबर!" तो म्हणाला. मी त्याचंच म्हणणं पुढे नेलंय असं त्याला वाटलं.

पुढच्याच आठवड्यात त्यानं फोल्क्सहोखशूलेत नाव घातलं. ही संध्याकाळच्या वर्गांची संस्था, तिथे कुणी योग शिकतं, कुणी इटालियन स्वयंपाक. हा तळघरात लिथो शिकायला लागला. लिथो म्हणजे गुळगुळीत चुनखडीच्या जाड दगडावर तेलकट खडूनं चित्र काढायचं, मग दगडावर पाणी आणि शाई फिरवून ते कागदावर छापायचं. एका वेळी एकच रंग. तो छापून झाला की वाळू टाकून दगड घासायचा, चित्र पुसून टाकायचं आणि त्याच दगडावर पुढच्या रंगाचं चित्र काढायचं. एकदा घासलं की गेलं. दर गुरुवारी हा काळी नखं घेऊन घरी यायचा आणि त्याच नखांनी पोळी तोडायचा.

दगड तळघरात, पण चित्रांसाठी लागणारं घर मात्र माझं. मी इस्त्री करतेय, हा वहीत काढतोय. मी भेंडी चिरतेय, हा म्हणतो, "जरा तशीच थांब." एका रविवारी तो उत्कर्षाला अंघोळ घालायला गेला. अर्धा तास झाला तरी कुणी बाहेर येईना, म्हणून मी दार उघडलं. पोर गार पाण्यात बसलेली, ओठ निळे पडलेले, आणि हा कमोडवर बसून तिची पाठ काढतोय. "मामा, इश डार्फ निश्ट," ती कुडकुडत मला म्हणाली. मामा म्हणजे मी, आणि तिला हलायची परवानगी नव्हती. मी टॉवेल घेतला आणि त्या दिवशी जे बोलले ते आमच्या खालच्या मजल्यावरच्या जर्मन म्हातारीलाही भाषा न कळता कळलं असणार.

ते चित्र चांगलं झालं होतं. हाच तर खरा वैताग. ते वाईट असतं तर मला सुखानं भांडता आलं असतं.

२००६ च्या मे महिन्यात माझ्या सासूबाई आल्या, नव्वद दिवसांच्या व्हिसावर. मीराबाई त्यांचं नाव, वय सहासष्ट. सरकारी दवाखान्यात आया म्हणून तीस वर्षं नोकरी केलेल्या. नवरा लवकर गेला, मुलाला त्यांनी एकटीनं शिकवलं. इथे आल्या आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी ताबा घेतला तो उत्कर्षाच्या केसांचा.

दर रविवारी सकाळी स्वयंपाकघरातल्या खिडकीशी त्या खुर्ची घ्यायच्या, पोरीला पुढ्यात स्टुलावर बसवायच्या आणि खोबरेल चोळायच्या. मे महिन्यातसुद्धा इथे तेल थिजायचं, म्हणून बाटली कढत पाण्याच्या पातेल्यात. उत्कर्षा "आउआ! आजी, नाइन!" असं ओरडायची, आजी मराठीत दटावायच्या आणि दोघींचं छान जमायचं.

"धम्मपालच्या डोक्याला असं कधी तेल लावलंच नाही बघ," त्या एकदा मला म्हणाल्या. "सकाळची ड्यूटी असली की मी पाचला बाहेर. तो आपला आपण भांग पाडून शाळेत जायचा."

हे धम्मपालनं दारातून ऐकलं आणि त्याच दिवशी ठरवलं की हे चित्र काढायचं. सहा रंगांत. आजवर त्यानं तीनच्या पुढे रंग लावले नव्हते. जुलैअखेर वर्गाचं प्रदर्शन होतं आणि सात ऑगस्टला आईंचं विमान. त्या जाताना चित्र घेऊन जातील, औरंगाबादच्या घरात भिंतीवर लावतील, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतील. इतका उतावळा मी त्याला आमच्या लग्नातही पाहिला नव्हता.

"माझं कशाला काढतोस?" आई म्हणाल्या. "काढायचंच तर बुद्धाची मूर्ती काढ. विहाराला देऊ."

पण बसल्या. चार रविवार बसल्या. कंबर दुखायची, तरी मुलगा समोर वही घेऊन आहे म्हटल्यावर त्या हलायच्या नाहीत. त्या बसल्या म्हणून रविवारचं जेवण मी करायचं, उत्कर्षाला लाच म्हणून चॉकलेट मी द्यायचं, कपडे धुवायचा आमचा रविवारचा पाळीचा वार म्हणून आमच्या इमारतीच्या तळघरातल्या सामाईक धुण्याच्या खोलीतून ओल्या कपड्यांच्या टोपल्या मीच तीन जिने वर आणायच्या. आणि हे सगळं "अहो, जरा बाजूला होता का" असं गोड आवाजात म्हणत. एरवी मी त्याला नावानं हाक मारते, पण सासूबाई घरात असल्या की अहो. रागावून अहो म्हणायला फार ताकद लागते.

आता चित्रात एक चूक झाली, ती कशी ते सांगते. दगडावर जे काढाल ते कागदावर उलटं उमटतं, आरशात दिसावं तसं. हे शिकवणाऱ्या फ्राऊ ब्योलरनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ती म्हणाली होती की अक्षरं असतील तेवढी दगडावर उलटी लिहा. बाकी डावीकडची खिडकी उजवीकडे गेली तरी काही बिघडत नाही. धम्मपालला चित्राखाली 'आई' लिहायचं होतं. ती दोन अक्षरं उलटी लिहिण्याचा सराव त्यानं आठ दिवस केला. फोनच्या वहीवर, पावांच्या पिशव्यांवर, माझ्या वाणसामानाच्या यादीवर. बाकीचं चित्र दिसलं तसं सरळच काढलं. कागद दर वेळी नेमका त्याच जागी बसावा म्हणून त्यानं सुयांनी दोन टोचे मारायची युक्ती केली होती. अर्ध्या मिलिमीटरचाही फरक पडत नाही, असं तो ज्याला त्याला सांगायचा.

जूनमधल्या एका गुरुवारी त्यानं दुपारीच तळघर गाठलं आणि पहिल्या रंगाची, राखाडी रेषांची छाप घरी आणली. त्या दिवशी उत्कर्षाला किंडरगार्टनमधून आणायची पाळी त्याची होती. साडेचारला तिथल्या बाईंचा मला ऑफिसात फोन आला की तुमची मुलगी एकटीच उरली आहे. मी मीटिंग सोडून ट्राम पकडली. सगळीकडे वर्ल्ड कपची धामधूम, ट्राम झेंडेवाल्यांनी गच्च भरलेली, कुणी माझ्या कानाशी शिटी फुंकतोय. पोहोचले तर पोर कोट घालून बाकावर बसली होती, ऐन जूनमध्ये. रडत नव्हती. मला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

घरी आलो तर, आईंना पुरं झाल्याशिवाय दाखवायचं नाही म्हणून, हा दार लोटून टेबलावर छाप पसरून बसलेला. "ये ये, बघ!"

मी बघितलं, आणि एका क्षणात मला दिसलं. आईंचा पदर उजव्या खांद्यावर होता. डाव्या खांद्यावरून कोपरापर्यंत नुसता ब्लाउज. आणि तेलाचा हात डावा. मी तोंड उघडलं, "अहो, हे जरा..."

"थांब, आत्ता काही बोलू नकोस," तो म्हणाला. "अजून पाच रंग यायचेत. तुला लिथोमधलं काय कळतं, रोहिणी!"

तो हे तुच्छतेनं म्हणाला नव्हता. आनंदात होता, हसत होता. पण मी त्याच्या मुलीला बाकावरून उचलून आणलं होतं, आणि तिला आणायचं राहिलं हे त्याच्या अजून लक्षातही आलं नव्हतं. मी तोंड मिटलं. म्हटलं, बरोबर आहे, मला काय कळतं! तेव्हा सांगितलं असतं तर एक दगड वाया गेला असता, एवढंच. मी नाही सांगितलं. पुढच्या गुरुवारी त्यानं तो दगड घासला आणि पिवळा चढवला. मग गुलाबी. मग निळा, मग तपकिरी. प्रत्येक रंगाला मला वाटायचं आता सांगावं, आणि प्रत्येक वेळी तो असं काहीतरी करून ठेवायचा की मी गप्प. शेवटच्या काळ्या रंगानं उत्कर्षाच्या केसांवर तेलाची अशी चमक आली की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्या पाण्यात निम्मी लाज होती.

प्रदर्शनाला आई विहारात जायची पांढरी, निळ्या काठांची साडी नेसल्या. पदराला पिन लावली, दोनदा तपासली. तळघराला चुना दिला होता, टेबलावर वाइन आणि ब्रेत्सेल नावाचे खारे पाव होते. फ्राऊ ब्योलरनं आईंचा हात दोन्ही हातांत धरला आणि त्यांना थेट चित्रासमोर नेलं. बारा छापांतली सर्वांत चांगली तिथे चौकटीत लावलेली. लोक बाजूला झाले. धम्मपाल मागे उभा होता, हाताची घडी घालून, परीक्षेला बसल्यासारखा.

आईंनी बराच वेळ बघितलं.

"उत्कर्षा छान आलीये," त्या म्हणाल्या. "ही कोण?"

"तूच की, आई!"

"मी? पदर तर उजव्या खांद्यावर आहे. मी काय गुजराथी आहे? आणि तेल डाव्या हातानं लावतेय." त्यांनी स्वतःच्या डाव्या खांद्यावरच्या पिनेवर हात ठेवला. "ही मी नाही रे."

धम्मपालनं चित्राकडे बघितलं, आईंकडे बघितलं, परत चित्राकडे बघितलं. माझ्या डोळ्यांदेखत त्याचा चेहरा उतरला. फ्राऊ ब्योलरनं काय झालं ते विचारलं, त्यानं सांगितलं, तर ती हसून म्हणाली, "मग काय, आरशात बघताना आईंना स्वतःचं असंच तर दिसतं!" त्यानं ते मराठीत आईंना सांगितलं.

"मी आरशात बघत कधी बसले?" आई म्हणाल्या. "मला वेळ होता का?"

हे त्यानं जर्मनमध्ये सांगितलं नाही.

घरी येऊन त्यानं दोन दिवस वही उघडली नाही. जेवला थोडंसं. तिसऱ्या दिवशी मला म्हणाला, "अडतीस वर्षं मी तिला बघतोय. माझ्या कसं लक्षात नाही आलं?" मला खूप काही बोलायचं होतं. दूध, टॉवेल, बाकावरची पोर, सगळं. पण माझ्या पोटातही एक गोष्ट होती, म्हणून मी भांडी विसळत राहिले. नवीन दगड करायला दिवस नव्हते. सुट्टीमुळे तळघराला कुलूप लागलं होतं.

आईंच्या निघण्याच्या आदल्या दिवशी आम्ही दोघी बॅग भरत होतो. चॉकलेटं, उत्कर्षाचे फोटो, दाढीचं सामान कुणा भाच्याला. त्या म्हणाल्या, "ते चित्र दे. नीट गुंडाळ, चुरगळायला नको."

"आई, पण ते तुम्हाला..."

"तीन महिने राबलाय त्यावर. नेते."

मग मला राहवलं नाही. मी खाली मान घालून सांगून टाकलं की पहिल्या रंगालाच मला दिसलं होतं, तेव्हाच बोलले असते तर सगळं टळलं असतं.

"मग बोलली का नाहीस?"

"बोलायला गेले होते. ते म्हणाले, तुला यातलं काय कळतं."

 आईंनी चित्राची गुंडाळी दोन साड्यांच्या मध्ये ठेवली आणि चेन ओढली. त्या माझ्यावर रागावल्या की त्याच्यावर, मला कळेना. फ्रांकफुर्टला विमानतळावर जाईपर्यंत आणि परत येताना गाडीत मी तोच विचार करत होते.

डिसेंबरात आम्ही औरंगाबादला गेलो. चित्र बाहेरच्या खोलीत होतं, काचेच्या चौकटीत, बुद्धाच्या फोटोच्या शेजारी. धम्मपालनं ते बघितलं आणि पाठ करून बसला. संध्याकाळी विहारातल्या बायका भेटायला आल्या. मी साडी नेसले होते. आई खाली बसून तूर निवडत होत्या. मालिनीताई म्हणून आईंच्या दवाखान्यातल्या जुन्या सोबतीण, त्या मला वरपासून खालपर्यंत न्याहाळत होत्या.

"अगं, तू तर पदर डावीकडेच घेतेस!" त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"मीराबाई म्हणाल्या, जर्मनीत उजवीकडे घ्यायची पद्धत आहे. तिकडे गाड्यासुद्धा उजव्या बाजूनं चालतात, तसा पदरही उजवीकडे. म्हणून तर चित्रात त्यांचा उजवीकडे आलाय." बाकीच्या बायकांनी माना हलवल्या. चार महिने हे सगळ्या वस्तीत पक्कं झालेलं दिसत होतं.

मी आईंकडे बघितलं. त्या सुपातले खडे वेचत होत्या, इकडे लक्षच नाही. ज्या बाईनं भर प्रदर्शनात "ही मी नाही" म्हणून सांगितलं होतं, तिनं घरी आल्यावर मुलाची चूक झाकायला अख्ख्या जर्मनीचा पदर बदलला होता. मला हसू आलं आणि संतापही आला. एवढं झाकायचं? आणि कुणासाठी, तर ज्याला तुमचा खांदासुद्धा ठाऊक नाही त्याच्यासाठी? तरी माझ्या तोंडून निघालं, "हो, तिकडे उजवीकडेच. इकडे आलं की परत डावीकडे."

आता हे इथेच संपायला हवं होतं. पण मोजमापाच्या माणसाला चुकीची माहिती सहन होत नाही.

"नाही हो मालिनीताई," धम्मपाल वळून म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "तिकडे अशी काही पद्धत नाही. चूक माझी आहे. त्याचं काय असतं, लिथोमध्ये दगडावर..."

"तू गप रे," आई म्हणाल्या. त्यांनी सूप खाली ठेवलं. त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे नाही. "तुला बायकांच्या पदरातलं काय कळतं?"

खोलीत हशा पिकला. धम्मपाल हसला नाही. त्यानं हळूच माझ्याकडे बघितलं, आणि या वेळी त्याला दिसलं. ते शब्द कुणाचे, कुठल्या दिवसाचे, ते आईंपर्यंत कसे पोहोचले, सगळं दिसलं. तो किंडरगार्टनचाच गुरुवार होता हेही त्याला आठवलं असावं, कारण त्याची नजर माझ्यावरून अंगणात खेळणाऱ्या उत्कर्षाकडे गेली आणि तिथेच राहिली.

"मी चहा टाकतो," तो उठून म्हणाला.  आत पातेल्याचा आवाज झाला, मग एकामागून एक डबे उघडल्याचा. मग दारातून त्याचं डोकं बाहेर आलं.

"रोहिणी, साखर कुठे असते?"

"आईंचं घर आहे," मी अहोबिहो सोडून म्हटलं. "आईंना विचार."